कातडे घालून भेटू नये

व्हाइटफील्ड, बेंगळूरु
२ सप्टेंबर २०२४

श्री. जयसिंगराव यांना, ओळखदेख नसताना केलेला नमस्कार.

मी यशश्री. कोल्हापूरची. रसायनशास्त्रात एम. एस्सी. करून तीन महिन्यांपूर्वी इथल्या रंगांच्या प्रयोगशाळेत लागले. तुम्ही एकतीस वर्षं जिथलं रसायनांचं कोठार सांभाळलंत, तीच ही प्रयोगशाळा. तुमचा फोन नंबर मागितला तर आमचे प्रमुख गुरुप्रसाद सर म्हणाले, "त्यांना ऐकू येत नाही. तू फोन करशील, ते ओरडतील, तू घाबरशील. पत्र लिही, उत्तर येतंच." म्हणून शाळेनंतर पहिल्यांदाच कुणाला तरी हाताने पत्र लिहिते आहे. अक्षराला हसू नका.

कारण असं की जुनं कोठार दसऱ्याआधी रिकामं करायचं आहे आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. परवा सगळ्यात खालच्या फळीवर, अगदी कोपऱ्यात, तपकिरी काचेची एक मोठी बाटली सापडली. बाकीच्या सगळ्या बाटल्यांवर इंग्रजी चिठ्ठ्या. हिच्यावर इंग्रजी नावाखाली सुबक देवनागरीत लिहिलंय: "आईसाहेब. कातडे घालून भेटू नये."

खरं सांगते, मी तिथेच खाली बसले आणि पाच वेळा वाचलं. इथे आल्यापासून मराठी बोलायला मला एकच माणूस आहे, आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या गौरीअक्का. त्या निपाणीच्या. आणि इथे, फळीखाली, धुळीत मराठी! देवळाबाहेर पाटी असते ना, चामड्याच्या वस्तू आत नेऊ नयेत, तसलंच काहीतरी तुम्ही केलेलं दिसतंय. बाटलीचं सोवळं पाळत होतात की काय? गुरुप्रसाद सर म्हणाले की तुम्ही फार देवभोळे होतात.

थट्टा बाजूला ठेवते. बाटलीत तीनेक लिटर अ‍ॅनिलीन आहे, जुन्या चहासारखं काळं पडलेलं. टोपण कुजलंय. ऑक्टोबरमध्ये घातक कचरा नेणारे लोक येतील, त्याआधी मला ते नव्या डब्यात काढून ठेवायचं आहे. पुस्तकात सगळं लिहिलंय, पण पुस्तकाने ही बाटली पाहिलेली नाही. तुम्ही पाहिली आहे. काय काय सांभाळू?

आपली,
यशश्री

देवनहळ्ळी
९ सप्टेंबर २०२४

चि. यशश्रीस जयसिंगराव आणि रत्नाबाई या दोघांचे भरभरून आशीर्वाद.

ते "श्री." आणि "आपली" वगैरे पहिल्या पत्रापुरतं ठीक. मला सगळे अण्णा म्हणतात, तूही म्हण. आमचं घराणं शहाजीराजांच्या वेळी या मुलखात आलं. पूर्वज तलवारी घेऊन आले आणि मी बाटल्या पुसून निवृत्त झालो, म्हणजे घराण्याची प्रगती तुझ्या लक्षात येईल. आमच्या मराठीत कानडी शिरलेलं आहे, ते स्वल्प सांभाळून घे.

मी देवभोळा आहे, हे खरं. पण ती बाटली अजून तिथे आहे हे वाचून मी जेवण अर्धं टाकून उठलो. रत्ना म्हणाली, कुणाचं पत्र? म्हटलं, आईसाहेबांचं.

तुला तिचं नाव पाठ असेल. पण नाव पाठ असणं वेगळं आणि ओळख असणं वेगळं. मी तिला आईसाहेब म्हणायचो, कारण आपल्या धंद्यातले निम्मे रंग तिच्या पोटचे. जीन्सची निळाई तिची. शाई, बुटांचा काळा रंग, टायरचं रबर टिकवणारी द्रव्यं, तापाच्या गोळ्या, सगळ्यांच्या मुळाशी कुठे ना कुठे ती सापडते. मी पहिल्यांदा तिला पाहिली तेव्हा ती अगदी ताजी होती, पाण्यासारखी स्वच्छ. पण पाणी धावतं आणि ही तेलासारखी सावकाश उतरते. पाण्यात टाकली तर थोडी विरघळते, बाकीची शांतपणे तळाशी जाऊन बसते. हवा आणि उजेड लागला की पिवळी, मग तांबूस, मग काळी. वास कुजक्या मासळीचा, पण मंद. नाकाला चार दिवसांत सवय होते, म्हणून नाकावर विश्वास ठेवू नकोस.

आता जी गोष्ट सांगतो तिच्यापुढे माझी मती आजही गुंग होते. ती भाजत नाही. आम्ल सांडलं तर माणूस बोंब मारून नळाकडे धावतो. हिचा थेंब अंगावर पडला तर माणूस म्हणतो, काही नाही, तेलकट आहे, आणि पुसून टाकतो. तो "काही नाही" म्हणतोय तोवर ती कातडीतून आत गेलेली असते. मग रक्तातल्या लोहाचं ती असं काही करते की रक्त फुप्फुसातून फिरून येतं पण हवा उचलत नाही. छाती हलते आहे, श्वास चालू आहे, आणि माणूस आतून गुदमरतो आहे. ओठ निळे, नखं निळी, डोकं ठणकतं. कधी तासाभरात, कधी चार-सहा तासांनी. दुखवत नाही, ओरडू देत नाही. इतकी सभ्य रीत मी दुसऱ्या कुठल्याही विषाची पाहिली नाही.

तेव्हा हुडाखाली, म्हणजे त्या वाफा ओढणाऱ्या काचेच्या कपाटात, पंखा चालू करूनच काम कर. तुमचे ते पातळ निळे हातमोजे तिच्यापुढे मलमलीसारखे आहेत, जाड ब्यूटिल रबराचे माग. मागताना लाजू नकोस. चष्मा, रबरी एप्रन, रबरी गमबूट. जवळ नायट्रिक आम्ल किंवा तसलं तापट काही नको, ज्योत तर नकोच. सांडली तर कोरडी वाळू टाकून टिपून घे आणि ती वाळूही कचऱ्याच्या सीलबंद डब्यात घाल. मोरीत एक थेंब जाऊ देऊ नकोस, पुढे तळ्यातली मासळी मरते. अंगावर उडाली तर कपडे जागच्या जागी उतरव आणि साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धू, मग लाज झाक. आणि त्या दिवशी कुणी पार्टीला बोलावलं तर दारू वर्ज्य. ती आणि दारू मिळून दुप्पट चढतात.

राहिलं कातडं. कातडं तिला पितं. रबर धुतलं की निघते. कातड्यात शिरली की ती तिथे मुक्काम ठोकते आणि रोज थोडी थोडी पायात उतरते. माझे एकदा बूट भिजले होते. नवे कोरे, टाकताना जीव तुटला. पण टाकले.

झालं की कळव. तुझं अक्षर हसण्यासारखं नाही, पण "ळ" तू फार घाईत काढतेस.

तुझे,
अण्णा

व्हाइटफील्ड
१६ ऑक्टोबर २०२४

प्रिय अण्णा, उशीर झाला म्हणून आधी दोन्ही कान धरते.

गणपतीनंतर चार दिवस घरी गेले, आल्यावर कामाचा डोंगर. पण आता छाती पुढे काढून सांगते: आईसाहेब नव्या डब्यात सुखरूप गेल्या! एक ऑक्टोबरला काम केलं. ब्यूटिलचे हातमोजे मागितले तेव्हा खरेदीवाले म्हणाले, इतके महाग कशाला. तुमचं पत्र दाखवलं. त्यांना मराठी वाचता येत नाही, पण तीन पानं भरून कुणीतरी लिहिलंय म्हटल्यावर "सरी, सरी" करत, मान डोलावत सही केली. गमबूट, एप्रन, हूड, सगळं तुमच्या शब्दाप्रमाणे. बाटली तिरपी केली आणि ते काळं तेल इतक्या संथपणे उतरायला लागलं की मी श्वास रोखून बघत राहिले. भीती वाटली, आणि खोटं कशाला बोलू, पाया पडावंसंही वाटलं.

थोडी गडबड झाली, तीही सांगते. बाटली उचलल्यावर कळलं की बुडाला बारीक चीर होती. फळीखाली अर्धी वाटीभर साचून पुढे वाटेवर ओघळलं होतं. मी वाळू आणायला वळले आणि तेवढ्यात गौरीअक्का बादली घेऊन नेमक्या त्यातून चालत गेल्या. फरशीवर त्यांच्या पावलांचे ठसे उमटले, फळीपासून पार आतपर्यंत! आम्ही दोघी इतक्या हसलो. म्हटलं, अक्का, गौरी आली सोन्याच्या पावलांनी. मग मी वाळू टाकली, टिपून घेतलं, डबा सीलबंद केला. शेवटचं पुसणं नेहमीप्रमाणे त्यांनी केलं, साबणाने दोनदा. काळजी करू नका, अंगावर काही उडालं नव्हतं. चपलांचे तळ त्यांनी नळाखाली धुतले.

चपलांवरून आठवलं. घरून येताना मी त्यांच्यासाठी कोल्हापुरी कापशी चपला आणल्या, कर्रकर्र वाजणाऱ्या. इतक्या खूष झाल्या! म्हणाल्या, "ह्यो माझ्या माहेरचा आवाज हाय, ताई." कामावर येताना त्याच घालतात आणि दिवसभर काढत नाहीत. घरी मात्र जपून ठेवतात. त्या कुठे आहेत हे आता मला आवाजावरून कळतं.

आयुधपूजा थाटात झाली. हुडांना झेंडू, पंख्यांना कुंकू, दारात कोहळा फोडला. सगळे अनवाणी, अगदी गुरुप्रसाद सरसुद्धा. गौरीअक्का त्या दिवशी टवटवीत दिसत होत्या. तेवढं बरं वाटलं, कारण त्याआधीचा आठवडा त्यांचं डोकं सारखं ठणकत होतं. दसऱ्याची सुट्टी झाली आणि सोमवारपासून पुन्हा तेच. "जिना चढला की धाप लागायलीय," म्हणतात. चेहरा राखेसारखा झालाय. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात अशक्तपणा सांगितला आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. गरिबाघरच्या बायका स्वतःकडे बघतच नाहीत. मी त्यांना रोज खजूर देते आहे.

तुम्ही आणि रत्नाकाकू कधी येताय नवं कोठार बघायला?

तुमची,
यशश्री

(प्रयोगशाळेच्या गेटवरून आत पाठवलेली चिठ्ठी)

१८ ऑक्टोबर, दुपारचे पावणेदोन

यशश्री,

तुझं पत्र साडेदहाला हातात पडलं. रत्नाने सात वेळा फोन केला, तू उचलत नाहीस. मी बसने आलो आहे. हा पहारेकरी काय विचारतो ते मला ऐकू येत नाही आणि तो मला आत सोडत नाही. ते राहू दे.

गौरीच्या पायातल्या चपला या क्षणी काढ. जाड हातमोजे घालून काढ, पिशवीत बांध, तिला परत देऊ नकोस. तिचे पाय साबणाने धू, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. ओठ बघ. नखं बघ. हा अशक्तपणा नाही. ती चपलांतून रोज तिच्या पायात उतरते आहे. पूजेला अनवाणी होती, सुट्टीत घरी होती, म्हणून बरी होती.

तिला चालू देऊ नका, उचलून गाडीत घाला. डॉक्टरांना एकच शब्द सांग, अ‍ॅनिलीन. बाकी काही बोलण्यात वेळ घालवू नकोस.

मी इथेच बसलो आहे.

अण्णा

व्हाइटफील्ड
२२ ऑक्टोबर २०२४

अण्णा,

गौरीअक्का वाचल्या. हे वाक्य आधी लिहिते, मग बाकीचं.

त्या दिवशी गेटवर तुमच्याशी दोन शब्दही बोलले नाही. गाडी तुमच्या समोरून गेली तेव्हा तुम्ही उठून उभे राहिलात ते मी काचेतून पाहिलं. तुम्ही कसे घरी गेलात, जेवलात की नाही, हेसुद्धा विचारलं नाही. माफ करा.

चिठ्ठी आली तेव्हा मी फोन लॉकरमध्ये ठेवून आत होते. वाचली आणि चपलांचा आवाज कुठून येतोय ते ऐकायला लागले. आवाज नव्हता. त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. आदल्या दिवशीच्या पावसाने चपला ओल्या होत्या आणि त्याच सकाळपासून पायात. मी ओठ बघितले. रोज बघत होते, अण्णा, रोज! त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. शाईसारखे निळे होते. मला म्हणाल्या, "काय न्हाई ताई, जरा चक्कर आली." तुम्ही लिहिलं होतंत ना, माणूस "काही नाही" म्हणतो. मी जाड हातमोजे चढवले, चपला काढून पिशवीत बांधल्या आणि घड्याळ लावून त्यांचे पाय धुतले.

हॉस्पिटलमध्ये डॉ. वीणा म्हणून तरुण डॉक्टर होत्या. बोटाला लावलेल्या यंत्रावर आकडा आला पंच्याऐंशी. त्यांनी ऑक्सिजन लावला. पंच्याऐंशी. पूर्ण सोडला, तरी पंच्याऐंशी. आकडा खिळ्याने ठोकल्यासारखा हलेना. मग मी तुमचा तो एक शब्द उच्चारला. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, सुई घेतली आणि रक्त काढलं.

ते रक्त लाल नव्हतं. कॉफीच्या डिकॉक्शनच्या रंगाचं होतं. डॉक्टरांनी एक थेंब पांढऱ्या कागदावर ठेवला, शेजारी स्वतःच्या बोटाचा एक. त्यांचा लालभडक. अक्कांचा तपकिरी तो तपकिरीच, हवेत ठेवूनही. आम्ही दोघी त्या दोन ठिपक्यांकडे बघत होतो. "मी हे फक्त पुस्तकात वाचलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

काही जणांच्या रक्तात जन्मतःच एक कमतरता असते, त्यांना यावरचं औषध उलटतं, म्हणून त्यांनी तेवढी चौकशी आणि तपासणी घाईने केली. अक्कांच्या नवऱ्याला फोन, भावाला फोन. तो अर्धा तास मी कसा काढला ते लिहीत नाही. मग औषध आलं. अण्णा, ते निळं होतं! गर्द निळं, पेनात भरावं असं. निळ्या पडलेल्या बाईला त्या आणखी निळं टोचत होत्या, अगदी सावकाश, पाच मिनिटं. मला वाटलं, ही काय उफराटी विद्या आहे. आणि मग ओठांच्या कडेने रंग बदलायला लागला. आधी राखाडी, मग फिकट, मग गुलाबी. माझ्या डोळ्यांदेखत एका बाईच्या अंगात हवा परत आली. देव असतो की नाही हे मला माहीत नाही, पण त्या पलंगापाशी मी हात जोडून उभी होते, आणि डॉ. वीणासुद्धा काही क्षण सुई तशीच धरून बघत राहिल्या.

संध्याकाळी अक्का बाथरूममधून किंचाळल्या, कारण लघवी हिरवी झाली होती. औषधाचाच रंग, उतरतो दोन दिवसांत. नर्स हसली, अक्का हसल्या, आणि मी रडायला लागले.

चपला मी आणल्या होत्या, अण्णा. पावलं उमटली तेव्हा मी हसले होते. तुमचं पत्र माझ्या खिशात होतं. कातडं पितं, हे मी वाचलं होतं, आणि स्वतःचे पाय बघितले होते. मी स्वतःला कधी माफ करू?

यशश्री

देवनहळ्ळी
२८ ऑक्टोबर २०२४

चि. यशश्री,

मी जेवलो होतो. तुमच्या पहारेकऱ्याने गाडी गेल्यावर मला स्वतःच्या डब्यातला चित्रान्नाचा भात दिला आणि बसमध्ये बसवून दिलं. भला माणूस आहे, उगाच त्याला बोललो.

आधी तुला एक नवल सांगतो. ते निळं औषध कुठून येतं ठाऊक आहे? आईसाहेबांच्याच घराण्यातून. तिच्यापासून एक लेक, त्या लेकीपासून हा निळा रंग. रंग म्हणूनच जन्माला आला, औषध म्हणून नंतर उमगला. जिने रक्त काळं केलं, तिच्याच नातीने ते लाल केलं. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. ते निळं औषध तुझ्या पत्रात वाचलं आणि ओट्यावर जाऊन बराच वेळ आकाशाकडे बघत बसलो.

आता दुसरं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही, कारण मी स्वतःच त्यासाठी छत्तीस वर्षं थांबलो आहे.

मी तुला लिहिलं, माझे बूट भिजले होते आणि मी ते टाकले. खोटं लिहिलं. बूट नरसिंहरावचे होते. आमच्याकडे अ‍ॅनिलीनचे ड्रम उतरवायचा. चाळिशीचा, उंच, गाता गळा. १९८८ साली एका ड्रमचं झाकण सैल निघालं आणि त्याचे पाय भिजले. मी त्याला धुवायला लावलं, कपडे बदलायला लावले. सगळं बरोबर केलं. बूट नवे होते, पहिल्या बोनसचे. तो म्हणाला, अण्णा, टाकू का? मी म्हणालो, चांगले बूट आहेत, टाकतोस कशाला, उन्हात वाळव.

तिसऱ्या दिवशी तो गेला. डॉक्टरांनी हृदय लिहिलं. आठ महिन्यांनी एका पुस्तकात बुटांबद्दल चार ओळी वाचल्या तेव्हा मला कळलं की हृदय नव्हतं. त्याच दिवशी बाटलीवरची ती चिठ्ठी लिहिली. तू तिला देवळाची पाटी समजलीस. त्यापेक्षा वाईट आहे ते. त्या कोठारात कानडी वाचणारे होते, तमिळ, तेलुगू, इंग्रजी वाचणारे होते. मराठी वाचणारा मी एकटा. मी सावधगिरीची सूचना अशा भाषेत लिहिली, जी कुणालाच कळणार नव्हती. कुणी विचारलं असतं, का लिहिलं, तर नरसिंहरावचं नाव घ्यावं लागलं असतं. मी भ्यालो. ती सूचना नव्हती, पोरी. तो माझा भित्रेपणा होता, सुबक अक्षरात.

तुझं पत्र आलं तेव्हाही तुला खरं सांगितलं असतं, एक माणूस बुटांनी मेला असं लिहिलं असतं, तर तू गौरीचे पाय बघितले असतेस. मी गंमत केल्यासारखं लिहिलं. तेव्हा चपला तुझ्या आणि मौन माझं, असा निम्मा निम्मा हिशेब धर.

नरसिंहरावची मुलगी सुखदा मल्लेश्वरमला असते. दिवाळी झाली की तिच्याकडे जाणार आहे. रत्ना म्हणते, आता जाऊन काय मिळणार. मला काही मिळवायचं नाही. बाप कशाने गेला हे त्या पोरीला माहीत असायला हवं. जाईन म्हणतो, पण तिचं दार एकट्याने वाजवायची भीती वाटते.

गौरीला आमचा नमस्कार सांग. थोरली असो की धाकटी, नमस्कारच सांग.

अण्णा

व्हाइटफील्ड
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय अण्णा,

सुखदाताईंकडे एकटे जाऊ नका. येत्या रविवारी मी सकाळी देवनहळ्ळीला येते, तिथून रत्नाकाकूंना घेऊन आपण तिघं जाऊ. त्या जे विचारतील ते मी कागदावर लिहून तुम्हाला दाखवीन. उत्तर मात्र तुम्हीच द्यायचं.

तुमच्यावर मला राग आला होता, तोही सांगून टाकते. दोन दिवस आला. मग अपघाताचा अहवाल लिहायला बसले. "कारण" या रकान्यात मी लिहिलं: अयोग्य पादत्राणे. वाचायला किती नीट वाटतं ना? जणू चपला आपल्या पायांनी चालत आल्या. तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर लिहिलं की सांडलेल्या जागेवर एक व्यक्ती चालली, ते मी पाहिलं, आणि तिला थांबवलं नाही कारण ती व्यक्ती काम करणाऱ्यांत मोजलीच जात नव्हती. खाली सही केली. गुरुप्रसाद सरांनी बराच वेळ वाचलं आणि स्वतःचीही सही केली. नोकरीचं काय होतं ते पुढच्या आठवड्यात कळेल. त्याची भीती वाटते, पण झोप लागते.

गौरीअक्का आज कामावर आल्या. रबरी बूट घालून, त्यांचा आवाज येत नाही, मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. तुमचा नमस्कार सांगितला तर गोंधळल्या. म्हणाल्या, "एवढं थोर माणूस मला कशाला नमस्कार करतंय?" मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "ताई, ती मला बघायची हाय. माझ्या रगतात शिरलीती ती."

मी आधी नाही म्हणणार होते. मग हूड चालू केला, त्यांना चष्मा आणि हातमोजे दिले, काच खाली ओढली. ताज्या, नव्या बाटलीतून एक थेंब काढला. स्वच्छ, पाण्यासारखा. अक्का निराश झाल्यासारख्या दिसल्या. मग तो थेंब मी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात सोडला. रंगहीन पाण्यात रंगहीन थेंब, अण्णा, आणि त्यातून जांभळा रंग उठला. आधी एक धागा, मग धाग्याला धागे, बघता बघता सगळी परीक्षानळी जांभळी झाली. मी हे दहा वेळा केलंय. आज मीही पहिल्यांदा बघितल्यासारखी बघत होते.

अक्का काचेला नाक लागेल इतक्या जवळ वाकून उभ्या होत्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "लई देखणी हाय की. तुम्ही सगळी हिला वळखत हुतासा, ताई. मी बारा वर्सं हिच्या अंगणात झाडू मारला. मला एकटीलाच कुणी सांगितलं न्हाई."

रागाने नाही म्हणाल्या. साधं म्हणाल्या. मी खुर्ची ओढून त्यांना बसवलं, शेजारी स्टुलावर बसले, आणि तिचं नाव काय, तिथपासून सांगायला सुरुवात केली.

तुमची,
यशश्री